चेतक मिनिटभर फुल रेसवर: जुनी स्कूटर टॉप स्पीडसाठी कशी तयार करावी

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत जिन्याखाली अजून एखादी चेतक नाहीतर एलएमएल उभी असते. ती चालू करून रविवारी पोहे-जिलेबी खायला जाणं ही एक हौस झाली. तीच गाडी मोकळ्या सरळ पट्ट्यावर घड्याळ लावून जास्तीत जास्त किती पळते ते बघणं ही दुसरी, आणि हा लेख त्या दुसऱ्या हौसेसाठी आहे. हाताशी एक जुनी स्कूटर आहे, पाने-स्क्रूड्रायव्हर ओळखीचे आहेत, पण टॉप स्पीडसाठी गाडी कधी बांधलेली नाही, असा वाचक मी गृहीत धरतो.

या प्रकारात शेजारी कुणी स्पर्धक नसतो. लांबून वेग पकडत यायचं आणि ठरलेलं अंतर, उदाहरणार्थ १ किलोमीटर, किती सेकंदांत कापलं ते मोजायचं. अधिकृत विक्रमासाठी तेच अंतर उलट दिशेनंही पळून दोन्हींची सरासरी काढतात, म्हणजे पाठीमागून आलेल्या वाऱ्याचा फायदा उरत नाही. स्कूटरवाले हे फार आधीपासून करत आलेत. फेब्रुवारी १९५१ मध्ये दीनो मात्सोंचिनीनं १२५ सीसीच्या खास बांधलेल्या व्हेस्पावर रोमजवळ ताशी १७१.१ किलोमीटर गाठले. त्याच वर्षी रोमोलो फेरीनं म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावलेली १२५ सीसी लॅम्ब्रेटा २०१ पर्यंत नेली. दोन्ही गाड्या पूर्ण कवचात बंद होत्या. आपलं पहिलं लक्ष्य साधं आहे: मूळची ८५-९० ला दमणारी १५० सीसी स्कूटर १०५-११० ला नेऊन परत घरी चालवत आणण्याच्या अवस्थेत ठेवायची.

आधी जागा, मग पाना

सुपर कॉरिडॉर रात्री अकरानंतर कितीही मोकळा दिसला तरी तो सार्वजनिक रस्ता आहे. तिथं वेगाची चाचणी घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ११० च्या वेगात समोर आलेल्या गाईला कलम समजत नाही. बायपासचंही तेच.

आपल्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे हे इंदूरकरांचं भाग्य. २०२१ मध्ये तिथला ११.३ किलोमीटरचा लंबगोल, चार लेनचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला. पण ती वाहनांच्या चाचणीची सरकारी संस्था आहे, तिकीट काढून आत शिरायची जागा नव्हे. ट्रॅक रीतसर आरक्षित झाला किंवा परवानगी असलेला कार्यक्रम असला तरच प्रवेश. म्हणून सुरुवात मोटारस्पोर्ट क्लबपासून करा. देशात या खेळाची अधिकृत संघटना एफएमएससीआय आहे. स्पर्धेचं लायसन्स, तांत्रिक तपासणी आणि वर्गवारी हे सगळं तिच्या नियमांनी चालतं. ज्या कार्यक्रमात उतरायचंय त्याची नियमावली हातात आल्याशिवाय गाडीच्या पत्र्याला हात लावू नका. पायापुढचा पत्रा कापलेला चालतो की नाही, किती सीसी कुठल्या वर्गात बसते, हे तिथंच कळतं.

गाडीच्या कागदांचंही बघून घ्या. कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. तेव्हा बदललेली गाडी रस्त्यावर फिरवायची नाही, टेम्पोत घालून न्यायची. आणि जर तुमची स्कूटर ५० वर्षांहून जुनी, मूळ अवस्थेतली असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती विंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्यासाठी तिच्यात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. अशी गाडी कापणं मला तरी पाप वाटतं. शर्यतीसाठी आधीच कुणीतरी वेल्डिंग करून ठेवलेला सांगाडा शोधा.

कुठली स्कूटर घ्यावी

बजाज किंवा एलएमएल. कारणं रुक्ष आहेत: सुटे भाग मिळतात, मिस्त्रीला इंजिन डोळे मिटून उघडता येतं, आणि चार गिअर असल्यामुळे हिशेब वहीवर मांडता येतो. लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध असल्यानं ती सरळ छान पळते, पण भाग महाग आणि चांगली गाडी विकणारा माणूस दुर्मिळ. एके काळी पीथमपूरलाच तयार होणारी कायनेटिक होंडा गावाच्या अभिमानापोटी मोहात पाडते खरी. मात्र ९८ सीसी आणि बेल्टचा व्हेरिएटर, म्हणजे गिअरऐवजी आपोआप प्रमाण बदलणारी यंत्रणा, ही नवख्याची शाळा नाही. ती दुसऱ्या गाडीसाठी ठेवा.

वहीतलं काम

पाना उचलण्याआधी तीन मापं घ्या.

पहिलं, चाकाचा परीघ. मागच्या टायरवर खडूची खूण करा, स्वतः गाडीवर बसा, कुणाला तरी एक पूर्ण फेरा ढकलायला सांगा आणि फरशीवरचं अंतर मोजा. ३.५०-१० च्या टायरला साधारण १.३३ मीटर येतं.

दुसरं, गिअरचं एकूण प्रमाण. स्पार्क प्लग काढा, चौथा गिअर टाका, मागचं चाक उचललेलं ठेवा. फ्लायव्हीलवर पेंटचा ठिपका द्या. चाक हातानं दहा वेळा फिरवा आणि ठिपका किती वेळा वर आला ते मोजा. समजा ५४ वेळा आला, तर प्रमाण ५.४.

आता वेग म्हणजे इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या गुणिले ६० गुणिले परीघ, भागिले प्रमाण, आणि मीटरचे किलोमीटर करायला भागिले १,०००. ६,००० फेऱ्यांना ताशी ८९ किलोमीटर. ११० हवे असतील तर याच गिअरवर सुमारे ७,४५० फेऱ्या लागतील. प्रायमरीचे, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे फिरकी नेणाऱ्या दातेरी जोडीचे, दाते बदलून प्रमाण ४.९ वर आणलं तर ६,७५० मध्ये तेच काम होतं. इंजिन कमी ओरडेल, पण तेवढ्या फेऱ्यांवर चाक ओढायची ताकद त्याच्यात हवी. नुसता लांब गिअर टाकून गाडी तिसऱ्यात ८५ आणि चौथ्यात ८० पळते, असे नमुने भरपूर दिसतात.

तिसरं माप हवेचं. हवेचा अडथळा ओलांडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ९० वरून ११० ला जायचं तर वेग सव्वा पटही वाढत नाही, पण ताकद १.८ पट लागते. साडेसात हॉर्सपॉवरची चेतक साडेतेराच्या आसपास न्यायची, असा त्याचा अर्थ. उलट बाजूनं बघा: अंगाचा आणि गाडीचा हवेला अडणारा पसारा १५ टक्क्यांनी कमी केला तर आहे त्याच ताकदीत वेग ५ टक्क्यांनी वाढतो. ९० चे ९५, एक पैसा खर्च न करता. म्हणून गाडी स्टँडवर लावून समोरून फोटो काढा. आरसे, कॅरिअर, मागची स्टेपनी, फुगलेलं जॅकेट, बाहेर आलेली कोपरं. सीट मागे सरकवा, जाड फोम काढून पातळ करा, हनुवटी हेडलाइटच्या वर येईल इतकं वाकता येतं का बघा. पोट आडवं येत असेल तर तेही पसाऱ्यातच धरायचं.

जमिनीपासून वर

नवखा माणूस इंजिनापासून सुरुवात करतो. तुम्ही टायरपासून करा.

टायरच्या बाजूवर आकाराच्या पुढे एक अक्षर असतं: जे म्हणजे ताशी १०० पर्यंत, एल १२०, पी १५०. जे लिहिलेल्या टायरवर ११० चा रन करायचा नाही, मग नक्षी कितीही नवी असो. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. पाच वर्षांपेक्षा जुना टायर मी तरी वापरणार नाही. रिम दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली असते. ते नट हवा पूर्ण सोडल्याखेरीज कधीही ढिले करू नका. दाबाखालची अर्धी रिम उडते तेव्हा समोर चेहरा असतो.

त्यानंतर हँडलचे कोन सेट, पुढच्या चाकाचं बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि इंजिन जिथं सांगाड्याला लटकतं ते सायलेंट ब्लॉक, म्हणजे रबरी बुश. हे सगळं नवं. दहा इंची चाक मोठ्या चाकाएवढं स्वतःला सावरून धरत नाही, आणि बजाजचं इंजिन उजव्या बाजूला असल्यानं गाडीचा कल मुळातच एकीकडे असतो. ६० ला जाणवत नाही ती ढिलाई १०० ला हँडल थरथरवते. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते लांब सरळ पट्टी लावून तपासा. पायाखालचा पत्रा आतून गंजलेला असेल तर आधी तो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्राच चेसिस आहे.

ब्रेक शू नवे, केबल नव्या. मनगटाला दोरीनं जोडलेला किल स्विच लावून घ्या, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद. काम तासाभराचं आहे आणि तपासणीत हेच पहिल्यांदा बघतात.

इंजिन: ताकद आणि ताप

शहरात आपण फुल रेस किती वेळ देतो? दहा सेकंद फार झाले. इथं वेग पकडायला किलोमीटरभर आणि मोजणीचा किलोमीटर मिळून इंजिन मिनिट-सव्वा मिनिट पूर्ण उघडं राहतं. जवाहर मार्गावर जोरात उसळणारी गाडी इथं अर्ध्यातच पकडते, म्हणजे तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. सगळी जुळवाजुळव या मिनिटासाठी आहे.

चेतकचं इंजिन ५७ बाय ५७ मिलिमीटर, १४५ सीसी. पूर्ण उघडून बेअरिंग आणि ऑईल सील बदला. सीलमधून हवा शिरली की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन वितळतो, बाहेर काही दिसत नाही. सिलिंडरला ओव्हरसाइज पिस्टनचा बोअर मारून घ्या. लेथवाल्याला पिस्टन हातात देऊन सांगा की शर्यतीसाठी आहे, फट जरा सैल ठेवा. तो कंपनीच्या मापाला चिकटून राहतो, आणि बीडाचा सिलिंडर गरम पिस्टनला जागा देत नाही. जुन्या बजाजमध्ये मिश्रणाचा दरवाजा क्रँकची कडच उघडते-मिटते. ती कड आणि केसिंगची गादी यांच्यात केसाएवढी फट असते. तिथं ग्राइंडर लावायचा मोह टाळा, कारण गादीवर एक ओरखडा पडला तर केसिंग भंगारात.

पोर्टचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू आत-बाहेर जाण्याच्या भोकांचं, काम पहिल्या खेपेला कमीत कमी. फ्लायव्हीलवर अंशांची चकती लावून एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडं राहतं ते मोजा. पोर्टची वरची कड १ मिलिमीटर वर नेली की हा काळ सुमारे ४ अंशांनी वाढतो. कानशीनं थोडं थोडं घासत १७५ अंशांच्या आत थांबा. त्यापुढे ताकद वरच्या फेऱ्यांत सरकते आणि तिसऱ्यातून चौथ्यात गेल्यावर इंजिन खड्ड्यात पडतं.

हेड बसवल्यावर पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट मोजायची, तिला मिस्त्री लोक स्क्विश म्हणतात. पद्धत सोपी आहे. दोन-अडीच मिलिमीटर जाड सोल्डरची तार घ्या, टोक वाकवून प्लगच्या भोकातून थेट सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत सरकवा. तार पिस्टन पिनच्या रेषेत हवी, नाहीतर पिस्टन डोलतो आणि माप खोटं येतं. फ्लायव्हील हातानं फिरवून पिस्टन वरच्या टोकावरून पार करा. किंचित अडल्यासारखं लागेल आणि सुटेल. तार बाहेर काढली की टोक चपटं झालेलं दिसतं. त्याची जाडी व्हर्नियरनं मोजा, मग दुसऱ्या बाजूनं हेच करा. १.२ ते १.४ मिलिमीटर आलं तर उत्तम. दोन मिलिमीटरच्या वर असेल तर ताकद वाया जातेय आणि ठोके पडण्याचा धोकाही वाढतो. १ च्या खाली आलं तर जाड गॅसकेट टाका.

सायलेन्सर हा टू-स्ट्रोकमधला सर्वांत मोठा फायदा. फुगीर एक्सपान्शन पाइपमधून परत येणारी दाबाची लाट, बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट मिटायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे एका ठराविक फेऱ्यांच्या पट्ट्यातच घडतं आणि तो पट्टा पाइपच्या लांबीवर ठरतो. वहीतल्या हिशेबात ६,७५० आले असतील तर त्याच्या आसपास ओढणारा पाइप घ्या. साडेआठ हजाराला किंचाळणारा पाइप बघून मित्र म्हणतील, "भिया, आवाज तो गजब आ रिया हे." आवाजाला गुण नसतात.

पंख्यावरचा पत्र्याचा आणि हेडवरचा झाकणाचा भाग काढू नका, हवा त्यातूनच फिनांपर्यंत जाते. फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करायचा सल्ला कुणीतरी देईलच. घाई नको: वाईट घासलेलं फ्लायव्हील सात हजारांवर फुटतं. क्लचच्या प्लेटा नव्या आणि स्प्रिंगा थोड्या कडक, बास.

पेट्रोल, जेट, प्लग

पेट्रोल पोचतंय का, हे बहुतेक जण तपासतच नाहीत. मोकळ्या हवेत, जवळ विडी-काडी नसताना, कार्बोरेटरची नळी काढून मापाच्या बाटलीत सोडा आणि मिनिट लावा. अशा इंजिनला फुल रेसवर मिनिटाला सव्वाशे मिलिलिटरपर्यंत लागू शकतं, म्हणून बाटलीत निदान २५० हवं. कमी आलं तर कॉकची जाळी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, नाहीतर मोठा कॉक.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं तोंड) मिश्रण पातळ पडतं. वर इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून टाकीत महिनाभर पडलेलं पेट्रोल रनला वापरू नका. ऑईल चांगल्या प्रतीचं टू-टी, लिटरला ३० मिलिलिटर, बाटलीत आधी मिसळून.

मुख्य जेट नेहमी मोठ्यापासून छोट्याकडे. जाड मिश्रणावर गाडी घुरघुरते आणि धूर सोडते, नुकसान काही नाही. पातळ मिश्रणावर ती मस्त पळते, अगदी पकडेपर्यंत. आणि हवामान विसरू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून मुंबईच्या मित्राचा जेट नंबर इथं जसाच्या तसा चालत नाही. डिसेंबरच्या पहाटे ८ अंशांची हवा दुपारच्या २८ अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के घट्ट असते. दुपारी बरोबर बसवलेला जेट पहाटे पातळ पडतो. सकाळच्या रनला एक नंबर मोठा.

प्लग वाचायची रीत अशी. बंद ट्रॅकवर चौथ्यात फुल रेस, तशीच धरून क्लच दाबा, त्याच क्षणी किल स्विच. रेस हळूहळू सोडून थांबलात तर प्लग मंद चालीचा रंग दाखवेल, कामाचा नाही. थंड झाल्यावर प्लग काढून चिनीमातीच्या अगदी मुळाशी, भिंगातून बघा. तिथं तपकिरी कडं हवं. मुळापर्यंत पांढरं असेल किंवा चिनीमातीवर चकचकीत बारीक ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियमचे कण आहेत, म्हणजे पिस्टन वितळायला लागलाय. इंजिन पुन्हा चालू न करता जेट दोन नंबर वाढवा. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, तेव्हा घरच्या ६ किंवा ७ ऐवजी ८ टाका. प्लगखाली बसणारा तापमानाचा सेन्सर परवडत असेल तर तोही लावा. सियागंजातून अर्धी दुकानं पालथी घालून आणलेल्या चमकदार बोल्टांपेक्षा तो जास्त कामाचा.

रनच्या दिवशी

चामड्याचा पूर्ण सूट, पाठीचं कवच, बोटं झाकणारे हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट. याबद्दल वाद नको.

इंजिन गरम करून मग पहिला रन अर्ध्या रेसवर, हँडल आणि ब्रेकची चव घेण्यापुरता. दुसरा ८०-९० ला. मग पूर्ण. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. पकडण्याआधी इंजिन सांगतं: आवाज किंचित बसतो, ओढ मऊ पडते. ते जाणवलं की विचार न करता क्लच. रन संपवतानाही आधी क्लच दाबा, मग रेस सोडा. टू-स्ट्रोकला ऑईल पेट्रोलबरोबरच मिळतं, त्यामुळे सात हजार फेऱ्यांवर रेस एकदम मिटली की तापलेला पिस्टन कोरडा घासतो. कितीतरी इंजिनं मोजणीच्या रेषेनंतर मरतात ती याच कारणानं.

हँडल थरथरलं तर घट्ट आवळू नका आणि ब्रेक मारू नका. छाती पुढे, वजन पुढच्या चाकावर, रेस थोडी थोडी कमी.

वेग जीपीएसवर मोजा. स्पीडोमीटरचा काटा आशावादी असतो, आणि जुन्या बजाजचा तर फारच. प्रत्येक रननंतर वहीत तापमान, जेट, प्लगचा रंग, सर्वाधिक फेऱ्या, जीपीएसचा वेग आणि वाऱ्याची दिशा लिहा. फेऱ्या हिशेबाएवढ्या पोचत नसतील तर ताकद कमी पडतेय किंवा गिअर लांब झालाय. पोचून वर जात असतील तर गिअर आखूड आहे. दोन रनमध्ये एकच गोष्ट बदला.

१०५-११० हाती आल्यावर एलएमएलसाठी मिळणारे इटालियन ॲल्युमिनियमचे सिलिंडर खुणावू लागतात: ६३ मिलिमीटर बोअर, त्याच ५७ च्या स्ट्रोकवर १७७ सीसी. बीडापेक्षा ते उष्णता लवकर बाहेर टाकतात, म्हणून मिनिटभराच्या फुल रेसला जास्त टिकतात. मात्र वर्ग बदलतो, जेट पुन्हा पहिल्यापासून, आणि टायरवर पी हे अक्षर लागतं.